तिरप्या रेषा

सुदामा नगर, इंदूर
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आशिष,

सप्रेम नमस्कार. वहिनी आणि उर्वी मजेत असतील. विनीताचा गुडघा सोडला तर इथं सगळं ठीक. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. मेमध्ये अकरा वेळा लावला, जूनमध्ये चार. मग सोडून दिलं.

सकाळी ऑफिसातून आणलेलं सामान आवरायला बसलो, तर या हातांनी काय काय केलं त्याची यादीच झाली. लाइट-टेबल, १९९३ सालचं: सागाच्या चार पट्ट्या, खालून दोन ट्यूबलाइट, वर दुधी काच. कंपनीचं परवडत नव्हतं म्हणून स्वतः ठोकलं, पेपरात बारा वर्षं चाललं. चौदा जिल्ह्यांच्या सोयाबीनचा नकाशा, पावसाच्या मिलिमीटरसकट. जलूदहून इंदूरला येणारी नर्मदेची पाइपलाइन, एकेक पंप दाखवून. सिंहस्थाच्या पार्किंगचा नकाशा. तो पोलिसांनी मागून नेला आणि खाली स्वतःचं नाव घातलं. विधानसभेच्या दोनशे तीस जागा, दोनदा, कारण मधे सीमा बदलल्या. गावांची नावं नकाशात मावावीत म्हणून केलेला देवनागरीचा एक बारीक अक्षरसंच. त्यातला ‘क्ष’ मला अजून पसंत नाही.

यातलं काही मला कोणी शिकवलं नाही. वडलांची मिल बंद पडली तेव्हा मी अकरावीत होतो, तिथंच शाळा संपली. रद्दीवाल्याकडे सर्व्हे खात्याच्या जुन्या फाटक्या शीट किलोवर मिळायच्या. त्या चिकटवत, वाचत गेलो. हे तुला शंभरदा सांगितलंय, एकशे एकाव्यांदा ऐक.

यादीतली शेवटची चीज ही वस्तू नाही, रीत आहे. शहाण्णवच्या पावसाळ्यात गंभीर नदीला पूर आला आणि कोणतं गाव बुडालं याच्या दर तासाला नव्या अफवा यायला लागल्या. तेव्हा मी ठरवलं: जे पक्कं कळलं ते भरीव रंगात. जे कोणी नुसतं म्हणतंय, ते तिरप्या रेषांनी. आपला पेपर हिंदी, म्हणून खाली बारीक अक्षरात हिंदीत खुलासा, पुष्ट म्हणजे खात्री झालेलं: ‘भरा रंग – पुष्ट. तिरछी रेखाएं – दावा.’ पुढं तू न्यूज एडिटर होऊन आलास. नकाशात माझ्या रेषा आणि हेडिंगात तुझा ‘दावा’ हा शब्द, अशी आपली जोडी एकोणीस वर्षं चालली. तू इंदुरी थाटात म्हणायचास, ‘भिया, आपण दोघं मिळून या पेपराचा ब्रेक आहोत.’

आता ज्यासाठी लिहितोय ते.

मेमधल्या लढाईच्या तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आपल्या पेपरात पहिल्या पानावर जो नकाशा आला, त्याविरुद्ध महूच्या एका निवृत्त कर्नलसाहेबांनी दिल्लीला वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार केली आहे. तक्रार चोख आहे. ते लिहितात, सीमेपलीकडचं जे शहर आपल्या फौजेनं घेतलंच नव्हतं, ते तुम्ही भरीव तांबड्यात दाखवलंत, आणि तुमच्याच पानावर खाली लिहिलंय की भरीव म्हणजे पुष्ट. मग पुष्टी कोणी केली, ते सांगा. एवढा एकच प्रश्न. मला तो माणूस आवडला.

याचं उत्तर पेपरानं तयार केलंय. गेल्या सोमवारी ते माझ्यासमोर ठेवलं. त्यात लिहिलंय की ते शहर ‘तत्कालीन समाचार संपादक श्री आशिष के मौखिक निर्देश पर’ भरीव छापलं गेलं. खाली माझ्या सहीची जागा, नावासकट टाइप करून. आशिष, हे दिल्लीला गेलं की खोटी बातमी लावणारा संपादक म्हणून कायमचं तुझं नाव राहील. ‘दावा’ या शब्दासाठी नोकरी सोडलेल्या माणसाचं. वाचून मला किळस आली. हे शोभेचं बोलत नाही, खरंच बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवून आलो.

तर मग तो नकाशा केला त्या गुरुवारकडे यायलाच हवं.

तुला आठवत असेल, न्यूजरूममधले चारही टीव्ही फुल आवाजात होते. सायरन ऐकून मी खिडकीबाहेर डोकावलो, तर तो एका चॅनलनं स्वतःच लावलेला. सहा वाजता यशवर्धनजींनी कचोऱ्या मागवल्या. मोठे शेठजी होते तेव्हा पुष्टीसाठी पेपर अर्धा तास थांबवायचे. त्यांचा हा मुलगा मालक झाल्यापासून कचोरी वेळेवर येते, पुष्टी नाही. सगळे खात होते. माझ्या प्रूफवर कोणाच्या तरी बोटांची हिरवी चटणी लागली होती, बरोबर सीमारेषेवर. लग्नाच्या पंगतीत असतो तसा तो आवाज. लोक मरत होते यार, दोन्हीकडे, आणि आपल्याकडे ‘एक और लेना’ चाललं होतं.

बाहेरगावी जाणारी डाक एडिशन नऊला सुटायची. सव्वाआठला टीव्हीवर आलं की ते शहर पडलं. नाव मी आता लिहीत नाही. तू हेडिंग केलंस, ‘पर कब्जे का दावा’. यशवर्धनजी तुझ्या खुर्चीमागं उभे.

‘आशिषजी, ये दावा हटाओ.’

‘पुष्टि आते ही हटा दूंगा, भाईसाब.’

‘सब चला रहे हैं.’

‘सब चला रहे हैं, इसीलिए तो रुकना है.’

मग ते माझ्या स्क्रीनकडे वळले. मी त्या शहरावर तिरप्या रेषा टाकल्या होत्या. म्हणाले, ‘और लांभातेजी, ये क्या है? जेब्रा क्रॉसिंग? फौज रोड क्रॉस करेगी क्या?’

हसले सगळे. स्पोर्ट्सवाल्यांपासून ऑपरेटरपर्यंत. तू नाही हसलास. तू म्हणालास, आणि मुद्दाम मराठीत, ‘मनीष, तू सांग यांना. तिरप्या रेषा म्हणजे काय ते सांग.’

वर मी ‘भरीव छापलं गेलं’ असं लिहिलंय, पाहिलंस? आपण नव्या पोरांना यावरून किती झापायचो. ‘गोली चल गई’ लिहू नका, कोणी चालवली ते लिहा. कर्ता गाळायचा नाही. सहा महिने मी कर्ता गाळतोय. घरात विनीतालाही असंच सांगितलं: त्या दिवशी नकाशा भरला गेला, आशिष तडकून निघून गेला.

मी म्हणालो, ‘टेक्निकली दोन्ही चालतं.’

तू माझ्याकडे पाहिलंस. फार नाही, एखादा सेकंद. गळ्यातलं कार्ड काढून कचोरीच्या कागदाशेजारी ठेवलंस आणि गेलास. आठ चाळीस. भिंतीवरचं घड्याळ मी नीट पाहिलं, कारण दुसरीकडे कुठं बघवत नव्हतं. मग मी रेषा पुसल्या आणि शहर तांबड्यानं भरलं. मी भरलं. एक क्लिक लागते. फाइल आठ बावन्नला सेव्ह झाली. तोवर तू पाटनीपुऱ्याच्या पुढं गेला असशील.

का भरलं, हे स्वतःला पुष्कळदा विचारलं. नोकरीच्या भीतीनं म्हणालो तर तुला पटेल, आणि ते जरा बरंही दिसेल. पण तसं नव्हतं. ते हसले ते मला सोसलं नाही. एकोणतीस वर्षं जी रीत जपली, तिला त्यांनी झेब्रा म्हटलं आणि मला तिची लाज वाटली. जिच्या जोरावर मी त्या ऑफिसात मान वर करून फिरायचो, तिचीच. मालकाची किळस येते ती वेगळी. ही वेगळी आहे, ही धुतली जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात दहाला रमाताईचा महूहून फोन. माझी थोरली बहीण, तू तिच्या हातची शेव खाल्ली आहेस. तिचा अंकुर तेव्हा सीमेवर होता, चार दिवस त्याचा आवाज नव्हता.

‘मन्या, तुझा नकाशा पाहिला रे. पूर्ण शहर लाल! म्हणजे संपलं ना आता?’

‘हो ताई, संपतच आलं.’

‘टीव्हीवाल्यांवर माझा भरोसा नाही. पण तू केलंय म्हणजे पक्कं. अंकुर येईल ना?’

‘येईल ना.’

तिनं गल्लीत पेढे वाटले. नकाशा कापून फ्रिजवर लावला. दुपारपर्यंत कळलं की त्या शहराच्या आसपासही कोणी गेलेलं नाही. तिचे पुढचे दोन दिवस कसे गेले ते तिनं मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आपल्या पेपरानं काय केलं? काही नाही. खुलासा नाही, खेद नाही, अकराव्या पानावर दोन ओळीसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी नवीन शहर, नवीन तांबडा. तो नकाशा मात्र दुसऱ्यानं केला. मी पित्त झालं सांगून घरी होतो.

अंकुर सुखरूप आहे. गणपतीत सुट्टीवर आला तेव्हा मी महूला गेलो होतो. फ्रिजसमोर उभा राहून पोरगा हसायला लागला. ‘मामा, ये किसने बताया तुमको? आम्ही तर जागचे हललो नव्हतो.’ चिडला असता तर बरं झालं असतं. ताईनं मॅग्नेट काढलं, कागदाची घडी घातली आणि मला विचारलं, ‘मन्या, तुला तेव्हा माहीत होतं का रे?’

मी म्हणालो, ‘चहा टाक.’

परवा, म्हणजे शुक्रवारी, पुन्हा गेलो आणि उत्तर दिलं. म्हटलं, ताई, शहर पडलं हे मला माहीत नव्हतं, आणि पडलं नाही हेही माहीत नव्हतं. माहीत नाही हे दाखवायलाच त्या तिरप्या रेषा होत्या. त्या मी पुसल्या. तिनं निवडायच्या तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाली, ‘मी पेढे वाटले रे त्याच्यावर.’ एवढंच. जेवायला वाढलं, पण रोजच्यासारखं ‘अजून घे’ म्हणाली नाही.

तिथं जाण्याआधी ऑफिसात जे केलं ते असं. त्यांच्या कागदावर सही केली नाही. माझा स्वतंत्र कागद लिहिला, हिंदीत, सात ओळींचा: नकाशा मी भरला. आशिष यांनी भरायला सांगितलं नव्हतं, उलट थांबवलं होतं. ते आठ चाळीसला निघून गेले, फाइल आठ बावन्नची आहे, फाइलची माहिती सोबत जोडली आहे. पुष्टी कोणीही केली नव्हती. भरायला कोणी लावलं, त्यांचंही नाव लिहिलं, कर्त्यासकट. एक प्रत यशवर्धनजींच्या हातात, एक दिल्लीला रजिस्टर पोस्टानं, एक कर्नलसाहेबांना त्यांच्या घरी हातात, एक या पाकिटात. नोकरी सोडल्यावर बेटम्याला काढलेल्या तुझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फाइलमध्ये लावून ठेव. कधी कोणी विचारलं तर तुझ्याजवळ असावी.

यशवर्धनजींना प्रत दिल्यावर एचआरची खुशी नावाची मुलगी माझ्या टेबलापाशी आली. रडवेली झाली होती बिचारी. ‘सर, सिस्टम का पासवर्ड बंद करना है.’ म्हटलं, कर बेटा. सामान ऑटोत घातलं. एकानंही मान वर केली नाही. ज्यांना मी स्केल कशी टाकायची ते शिकवलं, ते स्क्रीनमध्ये घुसून बसले होते. मला राग आला नाही, कारण त्या गुरुवारी मीही असाच घुसून बसलो होतो.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तू भला माणूस आहेस, ‘जाऊ दे’ म्हणशील. ते मला नको आहे. तू मला एक साधा प्रश्न विचारला होतास. त्याचं उत्तर तुला सगळ्यांसमोर मिळायला हवं होतं, साडेआठ वाजता. सहा महिने उशिरा, पोस्टानं देतोय: तिरप्या रेषा म्हणजे आपल्याला अजून माहीत नाही.

वहिनींना नमस्कार. उर्वीला आशीर्वाद.

त्या दिवशी तुझ्या बाजूच्या खुर्चीवर बसलेला,
मनीष लांभाते

ता. क. प्रेस क्लबात येत्या आठवड्यात फिरेल की मी महिना दोन लाख नाकारले. लोक तोंडाला येईल ते बोलतात, म्हणून तुला पक्कं सांगून ठेवतो. या गुरुवारी, वीस तारखेला दुपारी, यशवर्धनजींनी केबिनचं दार लावून जे देऊ केलं ते असं: त्या कागदावर सही, आणि एक डिसेंबरपासून सातही एडिशनांचा ग्राफिक्स हेड. येण्याजाण्याला गाडी. मला आजवर महिन्याला एकेचाळीस हजार मिळत होते. मी नाही म्हणालो. त्यांचा आकडा होता महिना एक लाख अठरा हजार.