काचेच्या कवचातला निळा

मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली मदतनीस, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र करीत आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

१. राहत्या दोन खोल्या मुलाच्या. खिडकीखालचे टेबल मात्र सुनेचे, कारण तो त्याला अडगळ म्हणतो.

२. माझा सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्यांचे चौदा डबे सुनेला. ती बस चालवते. पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा तासभर उठली नाही. “आई, एवढी नक्षी कोणासाठी?” “कोणासाठी नाही गं, म्हणून तर!”

पट्ट्यांवर डायटम आहेत. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे शेवाळ, पण कवच चक्क काचेचे. प्रयोगशाळेत एकदा वाळलेली पट्टी धुण्याआधी सहज भिंगाखाली धरली, तर एक कवच निळेशार. रंग तर कोणी घातलाच नव्हता. विभागप्रमुखांना हाक मारली.

“घाण असेल, बाई. पुसा.”

मी पुसली नाही. पाण्याचा थेंब सोडला, निळा गेला. पट्टी सुकू दिली, परत आला. सतरा वेळा केले. कवचाला भोकांच्या रांगा असतात, इतक्या बारीक आणि शिस्तीच्या, की त्यांतून जाताना उजेडाचेच रंग वेगळे होतात. भोकांत पाणी शिरले की खेळ संपला. मला फूटपट्टीशिवाय सरळ रेघ मारता येत नाही. त्या दिवशी मोरीपाशी उभी राहून रडले.

३. विभागप्रमुखांनी यावर एका विज्ञान मासिकात निबंध छापला, स्वतःच्या नावाने. शेवटी आभार: “प्रयोगशाळेतील सेवकवर्ग”. वर्ग कुठला, मी एकटीच होते! वीस वर्षे त्यांच्याशी बोलले नाही.

गेल्या वर्षी ते काठी टेकत घरी आले. “बाई, निळा तुम्ही पाहिलात. मासिकाला तसं कळवलंय.” छापून आलेला खुलासा पुढे केला. त्यात माझे नाव होते. मी चहा केला. ‘माफ केलं’ एवढे दोन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत.

तरी त्यांना ती निळी काचपट्टी द्यावी. त्यांची नजर गेली आहे, हे मला ठाऊक आहे. सुनेने शेजारी बसून काय दिसते ते सांगावे, आणि घाई करू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोघींसमोर सही केली.

सही: ————
साक्षीदार: १. शेजारीण, शिवणकाम करणारी ———— २. आमच्या डॉक्टरीणबाई ————
ठिकाण: राहते घर. दिनांक: चौदा मार्च.