कथेत मी उतरले होते

२८ जानेवारी १९७३, रविवार

सकाळी अरविंदच्या खोलीवर. आमच्या अनियतकालिकाच्या अंकाचं काम. आलो तिघंच. अरविंद, मी, आणि भिंगारहून सायकलवर शांतवन. त्याच्या भुवयांपर्यंत धूळ.

अरविंदने नवीन गद्य वाचलं. चार पानं, एकही क्रियापद नाही. बँकेत दिवसभर आकडे लिहिणारा माणूस वाचताना वेगळाच दिसतो. मला आवडलं. शांतवन म्हणाला, "छान आहे. वाक्यातून क्रियापदच काढलं की कुणाला काही करायला नको."

अरविंद चिडला. मग नेहमीचा वाद. भाषा मोडल्याशिवाय समाज मोडत नाही, हे अरविंदचं. शांतवनचं म्हणणं, भाषा रोज मोडतेय, आमच्या वस्तीवर या, ऐकवतो. अरविंद म्हणाला, "पाणी पाहिजे तर टँकर मागा. कवितेला कशाला बादली लावता?" मी हसले. शांतवनही हसला, पण जरा उशिरा.

त्याच्या आईचं गाव सुप्याच्या रस्त्यावर, फाट्याला लागूनच. वस्तीची विहीर दिवाळीतच आटली. गावच्या विहिरीला पाणी आहे, पण वस्तीच्या बायकांनी रहाटाला हात लावायचा नाही. कळशी लांब ठेवून थांबायचं, कुणी घातलं तर घातलं. गुरुवारी बायका स्वतःच्या हाताने पाणी शेंदणार आहेत. शांतवन म्हणाला, "तुम्ही दोघं या. लेखक म्हणून नको. नुसतं उभं राहायला."

अरविंद म्हणाला, मी माझ्या जागेवरून लढतो.

मी म्हणाले, येते.

(गावाचं नाव इथेही लिहिलं नाही. माझ्याच वहीत. का?)

३१ जाने.

दादाला सांगितलं, उद्या सुप्याला मैत्रिणीकडे जाते. त्याने पेपरातून मान वर केली. "त्या विहिरीकडे नाही ना?" म्हणजे सगळीकडे कळलंय. त्या गावचे पुढारी तात्यासाहेब आमच्या कॉलेजच्या संस्थेवर आहेत. मी अजून कायम नाही. दादा एवढंच म्हणाला, "सावेडीतलं हे घर तुझ्या पगारावरही उभं आहे, माई."

मैत्रिणीकडेच जातेय, म्हणाले.

१ फेब्रु., गुरुवार

गेले होते. उतरले नाही.

२ फेब्रु.

काल लिहवलं नाही. आज लिहिते.

माळीवाड्याहून एसटी. गर्दी होती, पण खिडकी मिळाली. फाट्याच्या अलीकडेच गाडी थांबली, रस्त्यावर माणसं होती. विहीर तिथून अगदी समोर. वस्तीच्या बायका आधीच पोचलेल्या. एक बाई रहाटावर वाकून दोर ओढत होती. शांतवन कठड्याशी. गावातली दहा-बारा माणसं चालत आली, धावत नाही. पुढे एक तरुण. त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशात ठेवलं, खिसा वरून चाचपला. मग शेजारच्याच्या हातातली काठी घेतली आणि त्या वाकलेल्या बाईच्या हातावर मारली. मागून. कळशी गडगडत रस्त्याकडे आली.

तो तात्यासाहेबांचा पुतण्या. गॅदरिंगला त्यांच्याबरोबर पहिल्या रांगेत बसला होता, मीच चहा नेऊन दिला होता.

कंडक्टर माझ्यापाशी आला. "बाई, फाटा आला. उतरायचं हाय ना तुमाला?"

मी म्हणाले, "नाही. सुप्यापर्यंत द्या."

त्याने तिकीट फाडलं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाट काढली. शेजारची म्हातारी म्हणाली, "काय बाई मानसं." मी मान हलवली. मी, मान हलवली.

३ फेब्रु.

शांतवन कॉलेजच्या फाटकाशी भेटला. कपाळाला टाके. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, "गाडी चुकली असेल तुमची. त्या वेळेला गाड्यांचं काही खरं नसतं."

मी म्हणाले, हो ना.

सबब त्यानेच दिली, मी घेतली.

६ फेब्रु.

दवाखान्यात गेले. रूथ, शांतवनची मामेबहीण. रहाटावरची बाई ती हीच. उजवा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये. माझ्यापेक्षा लहान असेल, दिसते मोठी. दुष्काळी कामावर खडी फोडते, म्हणजे फोडत होती.

मी संत्री नेली होती. ती म्हणाली, "कशाला बाई. सोलाया दोन हात लागत्यात." मग स्वतःच हसली. मी सोलून दिली.

"कोनी मारलं ते न्हाई दिसलं. पाठ हुती माजी. आमची मानसं नाव सांगत्यात, पर तो म्हनतो मी त्या दिशी नगरला हुतो." फौजदार शांतवनला म्हणाले, वस्तीचे सगळे फिर्यादीकडचे, बाहेरचा एखादा साक्षीदार असता तर बरं.

"रस्त्यावर यष्टी हुती म्हनं एक," रूथ म्हणाली. "पर यष्टीतली मानसं कुटं गावायची आता."

मी दुसरं संत्रं सोलायला घेतलं.

११ फेब्रु., रविवार

बैठकीला गेले नाही. घरी बसून कथा लिहिली, एका बैठकीत. विरामचिन्हं नाहीत, 'मी' नाही, फक्त एक डोळा आणि एक काच. बायका, रहाट, घड्याळ, काठी. मग तो डोळा गाडीतून उतरतो. पायऱ्या, रस्ता, विहीर. खाली पडलेली कळशी उचलतो आणि बायकांच्या रांगेत उभा राहतो.

लिहून झाल्यावर बरं वाटलं. भूक लागली, जेवले, झोपले. दहा दिवसांत पहिल्यांदा. हे नोंदवून ठेवते, कारण या सगळ्यात हेच वाईट आहे.

१८ फेब्रु.

अरविंदसमोर वाचली. शांतवन पारनेरला वकिलाकडे गेला होता. तो नाही हे पाहूनच मी वही काढली, खरं तर. अरविंदने वही घेऊन शेवटचं पान पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "आपण तीन वर्षं बोलतोय ते तू केलंस. फॉर्म आणि विद्रोह एकाच वाक्यात." नाव त्याने सुचवलं, 'काच'. अंकात पहिली.

नको म्हणायला हवं होतं. म्हणाले, मुद्रितं मी तपासते.

११ मार्च

अंक आला. पुण्या-मुंबईकडून पत्रं येतायत. एकाने लिहिलंय, लेखिका प्रत्यक्ष त्या रांगेत उभी राहिल्याशिवाय हे लिहिणं शक्य नाही. वहिनीने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. दादाने विचारलं, "उभी होतीस?" मी म्हणाले, कथा आहे ती. त्याला हायसं वाटलेलं दिसलं.

१८ मार्च, रविवार

दुपारी शांतवन घरी आला. पहिल्यांदाच. वहिनीने पाणी दिलं, चहा दिला आणि आत गेली. अंक त्याच्या सायकलच्या पिशवीत होता, तो त्याने बाहेर काढलाच नाही.

म्हणाला, "घड्याळ कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कल्पना."

"त्याने घड्याळ काढलं तेव्हा मी समोर होतो. मी पाहिलं. फौजदाराला सांगितलं नाही, मारहाणीच्या जबाबात घड्याळ कोण सांगतं? रूथची पाठ होती. बाकीच्या बायका काठीकडे बघत होत्या. माझ्याशिवाय ते फक्त रस्त्यावरून दिसलं असणार."

मी म्हणाले, "शांतवन, कथेतला डोळा म्हणजे मी नव्हे. इतक्या वर्षांत आपण निदान एवढं तरी मान्य केलंय."

"बरं," तो म्हणाला. "मग तो कुठे राहतो? जबाबाला त्याला बोलवू."

रागाने नाही. खरंच पत्ता विचारावा तसं. मला वाटलं होतं, तो ओरडेल.

मग मी सांगितलं. सगळं. सुप्याच्या तिकिटापर्यंत. तो खाली फरशीकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "तुम्ही उतरला नाहीत, त्याचं मला एवढं नाही. भीती सगळ्यांनाच होती. मीही आदल्या रात्री दोनदा ठरवलं की नको. पण कथेत तुम्ही उतरलात."

जाताना म्हणाला, फौजदारांना सांगाल का? मी म्हणाले, विचार करते. त्याने मान हलवली आणि सायकल वळवली. चहा तसाच.

२१ मार्च

अरविंदला सांगितलं. तो मनापासून माझ्या बाजूने बोलला, हेच अवघड. "कथा ही कथा आहे. उद्या प्रत्येक लेखकाला ठाण्यात नेऊन विचारणार का, हे कुठे पाहिलंत? शांतवन कवी आहे, त्याला हे कळायला हवं."

मी म्हणाले, त्याला कळतं.

"मग?"

अरविंद वाईट माणूस नाही. तो नेहमी बोलतो तेच बोलत होता. आजवर मला ते पटायचं.

२६ मार्च

प्राचार्यांनी बोलावलं. शेजारी तात्यासाहेब. हातात अंक. अतिशय सौम्य बोलतात. "आपल्या कॉलेजातल्या बाई एवढं चांगलं लिहितात, आम्हाला माहीतच नव्हतं. ही सगळी कल्पनाशक्तीच ना?"

"हो."

"छान. कायम करायचा विषय पुढच्या महिन्याच्या बैठकीत आहेच."

'हो' म्हणायला मला काहीच वेळ लागला नाही. लाज नंतर आली, जिन्यात.

१ एप्रिल, रविवार

वस्तीवर गेले. कुणाला सांगितलं नाही. फाट्यावर उतरले, कुणी बघत नव्हतं. उतरणं इतकं सोपं असतं. विहिरीवर गावच्या बायका होत्या. वस्तीच्या कळश्या लांब, रांगेत. पूर्वीसारख्याच.

रूथ घरी. हात गळ्यात बांधलेला. खडीच्या कामावर आता तिची आई जाते. तिने डाव्या हाताने तांब्या भरून दिला. तांब्यात पाणी अर्धंच होतं. मी हातात धरून बसले.

"प्या की. का आमचं पानी चालत न्हाई?"

प्यायले. मग सांगितलं. गाडीत होते, पाहिलं, पुढे गेले.

तिने रिकामा तांब्या माझ्या हातातून घेतला. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. मग तिने विचारलं, "मंग त्याचं तोंड बगितलं तुमी?"

"हो."

"कोन हुता?"

मी नाव घेतलं. पहिल्यांदा मोठ्याने. रूथ म्हणाली, "आमी तेच सांगत हुतो." त्यात समाधान नव्हतं. ते त्यांना ठाऊकच होतं, माझ्याकडून ऐकायची त्यांना गरज नव्हती. गरज फौजदाराला होती.

मी माफी मागायला लागले, तर ती मध्येच म्हणाली, "दवाखान्यात आला तवाच का न्हाई सांगितलं? संत्री सोलीत बसला."

मी उठले. म्हणाली, "जावा आता. मागनं गाडी न्हाई."

क्षमा केली नाही. हाकललंही नाही.

५ एप्रिल

जबाब दिला. शांतवन बाहेर बाकावर. फौजदार लिहून घेत होते, मध्येच थांबून म्हणाले, "बाई, दोन महिने कुठे होता?"

"भीती वाटली."

त्यांनी लिहिलं, साक्षीदार सांगते की भीतीमुळे पूर्वी पुढे आले नाही. मग सगळं वाचून दाखवलं. साधी, कोरडी वाक्यं. सही केली.

परत येताना शांतवन एकच बोलला, "दादांना माहीत आहे?" नाही म्हणाले. "आज सांगा. दुसऱ्याकडून कळू देऊ नका."

सांगितलं. दादा जेवण अर्धं टाकून उठला. वहिनी तिथेच बसून राहिली, मग म्हणाली, "त्या बाईचा हात सरळ होईल का?" मला माहीत नव्हतं. मी रूथला ते विचारलंच नाही.

१४ एप्रिल

संस्थेची बैठक झाली. माझा विषय पुढे ढकलला. कारण नाही. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. हे लिहिताना मला थोडा अभिमान वाटतोय, असं लक्षात आलं. त्याचीही लाज.

२२ एप्रिल, रविवार

अरविंदकडे गेले, बऱ्याच दिवसांनी. तो खुशीत. अंक संपला, पहिल्यांदाच. पारनेरच्या एका गृहस्थाने माणूस पाठवून उरलेल्या सगळ्या प्रती नेल्या. "तालुक्याला वाचक तयार होतोय, मालती."

शांतवन दारात उभा होता, आत्ताच आलेला. म्हणाला, "ते पुतण्याचे वकील आहेत."

अरविंदचा चेहरा पडला. तो हळूच खाली बसला.

शांतवनने नीट समजावून सांगितलं, शाळेत धडा समजावतो तसं. वकील कोर्टात अंक पुढे करणार. छापलेलं वाचून दाखवणार, की बाई गाडीतून उतरल्या, कळशी उचलली, रांगेत उभ्या राहिल्या. मग जबाब वाचणार, की बाई उतरल्याच नाहीत. आणि विचारणार, दोन्ही तुमचंच ना? यातलं खरं कुठलं? आणि उतरणं जर रचलेलं, तर घड्याळ रचलेलं कशावरून नाही?

अरविंद म्हणाला, "मी साक्ष देतो, ती कथा आहे म्हणून." तो मनापासून म्हणाला होता.

मला बरं वाटावं म्हणून लिहिलेली चार वाक्यं. त्यांच्यामुळे रूथची केस जाऊ शकते. हे मी स्वतःला सांगितलं असतं तर अतिशयोक्ती वाटली असती. शांतवनने सांगितलं, तेव्हा नुसती माहिती वाटली.

बाहेर आलो. तो सायकलचं कुलूप काढत होता. मी विचारलं, "मी काय सांगू तिथे?"

"जे असेल ते."

"सगळ्यांसमोर? रूथ असेल. तात्यासाहेब असतील. तुम्हीच सांगा ना, कसं मांडू."

तो थांबला. "मालतीबाई, मी सांगितलेलं तुम्ही बोललात, तर ते तिसरंच काहीतरी होईल."

पुढच्या अंकाला कविता देणार का, हेही विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून. म्हणाला, सध्या विहिरीवर रोज एकेक जण नुसता जाऊन उभा राहतो, उद्या त्याची पाळी आहे. पाणी अजून वरूनच घालतात.

"परवा कुणाची?" मी विचारलं.

"परवा कुणी नाही अजून," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता सायकलवर बसला.

परवा मंगळवार. कॉलेज आहे.