सहलीतली नवी जागा

दादा,

तुरुंगात पत्रं आधी साहेब वाचतात, म्हणून हे तुला पाठवणार नाही.

सहलीच्या होडीवर अजून मीच गाईड आहे. मोठ्या शहरातून सुट्टीला येणारी माणसं आता जुना पूल, बगळ्यांचं बेट धड बघतसुद्धा नाहीत. "तो खून कुठे झाला ते दाखवा," म्हणतात. मालकाने ती जागाही सहलीत घेतली. तिथे होडी थांबवून मी सांगते, "इथे भावाने बहिणीच्या नवऱ्याला वल्ह्याने मारलं." ती बहीण मीच, हे पाहुण्यांना ठाऊक नसतं.

मालक म्हणाला, नुसतं सांगू नकोस, करून दाखव. म्हणून मी वल्हं उचलते आणि बसायच्या रिकाम्या फळीवर हाणते. बायका किंचाळतात, मग टाळ्या पडतात.

नवऱ्याने मोडला होता, तोच हा हात. तू एकदाच मारलंस आणि आत गेलास. मी रोज मारते.

काल पुन्हा फळी फुटली. मालक कुरकुरला, "अगं, नाटकच आहे ना, जरा हळू मार."

हळू कसं मारतात, ते नवऱ्याच्या घरात मी कधी बघितलंच नाही, दादा.

तुझी धाकटी