शंका शून्य टक्के

२ सप्टेंबर
लातुरात आलो. नांदेडच्या पेपरानं माझं टवाळखोर सदर बंद केलं, त्यामुळं नांदेडची माझ्यापासून आणि माझी नांदेडपासून सुटका झाली. नवी नोकरी विरूपाक्ष सरांच्या क्लासमध्ये. या इमारतीतून एकेकाळी डॉक्टर बाहेर पडत. आता तिसऱ्या मजल्यावर, ज्यांचं मेडिकल थोडक्यात हुकलं अशी दोनशे मुलं संगणकासमोर बसून आकाशातून काढलेले फोटो बघतात आणि प्रत्येकाखाली एक पर्याय दाबतात: शस्त्रधारी, निःशस्त्र, जनावर, सांगता येत नाही. त्यावर कुठलीशी कंपनी आपलं विनावैमानिक लढाऊ विमान शिकवून तयार करते. मी तपासनीस. खोली हवेशीर आहे. डबा केवळाबाईंचा, पहिल्याच दिवशी अंबाडीची भाजी आणि कडक भाकरी. आणखी काय पाहिजे?

४ सप्टेंबर
सरांचं भाषण झालं. यापुढं हवाईदलात एका वैमानिकाच्या दोन्ही अंगांना चार-चार बिनमाणसाची विमानं उडतील. नंतर वैमानिक जमिनीवर बसेल. त्याच्याही नंतर माणूस फक्त सही करील. वैमानिकाला भूक लागते, बायको आठवते, ऐनवेळी हात कचरतो. यंत्राला यातलं काही नाही, असं सर म्हणाले. पोरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. हे परीक्षेला आहे का, असं एकानं विचारलंसुद्धा.

८ सप्टेंबर
वीस हजार उत्तरं तपासली. 'सांगता येत नाही' एकदाही नाही. मनतशाला गाठलं. ही चाकूरची, तीनदा मेडिकलला बसलेली, हॉलमध्ये सगळ्यांत झपाट्याची. एक धुरकट ठिपका दाखवून विचारलं, बाई गं, हे देवाला तरी सांगता येईल का? तिनं मलाच शिकवलं: "सर, ब्लँक सोडायचं न्हाई. हितं निगेटिव्ह मार्किंग हाय का? न्हाई ना. मंग? जनावर दिसून न्हाई राहिलं, हात रिकामे न्हाईत. दोन कटले. उरलं ते बरोबर."
दहावीपासून तिला हेच शिकवलंय. नांदेडला सदराच्या जोडीला चार वर्षं क्लास घेतले, तेव्हा मीही हेच शिकवत होतो.

१३ सप्टेंबर
कंपनीचं पत्र आलं. इतर शहरांत शंका एकोणीस टक्के, लातुरात शून्य. सरांनी पेढे वाटले. शंकाच नाही म्हटल्यावर मधल्या माणसाची सही कशाला, असं ठरलंय. तीस तारखेच्या चाचणीत विमान स्वतःच ओळखील आणि स्वतःच डागील. जागा म्हणजे भूकंपात गेलेलं एक जुनं गाव. कागदावर तिथं तीस वर्षांत माणूस नाही.
केवळाबाई त्याच गावच्या. त्यांची लेक शिवगंगा ढिगाऱ्यात राहिली, सापडलीच नाही. अजून सवड मिळाली की त्या पहार घेऊन जातात आणि घराच्या जागी खणतात. हे त्यांनी डबा ठेवता ठेवता सांगितलं, बाजारला जाऊन येते म्हणावं तसं.

१८ सप्टेंबर
आज पडद्यावर तेच गाव. दगडांचे ढीग, बाभळी आणि एक बाई. खांद्यावर पहार. लुगडं ओळखीचं. दोनशेपैकी दोनशे जणांनी दाबलं: शस्त्रधारी. मनतशाला म्हणालो, अगं, या केवळाबाई आहेत, दुपारी तू त्यांचीच भाकरी खाल्लीस. तिनं फोटो मोठा करून पाहिला. मग हळूच म्हणाली, नाव पर्यायात न्हाई, सर.
मी चौथा पर्याय दाबला. पडदा लाल झाला: आपलं उत्तर बहुमताशी जुळत नाही.
विरूपाक्ष सरांना सांगितलं, तर म्हणाले, चाचणीच्या दिवशी दवंडी देतील, कुंपण घालतील. शिवाय तुमचा स्वभावच विनोदी.

२२ सप्टेंबर
आता फोटो शहराचे. गंजगोलाईची बाजारपेठ. गर्दीत एक टक्कलवाला, काखेत छत्री.
तो मी.
मनतशाच्या खुर्चीमागंच उभा होतो. तिनं 'शस्त्रधारी' दाबलं आणि पुढच्या फोटोवर गेली.
छत्री कपाटात कोंडली.

२५ सप्टेंबर
रस्त्यानं दोन्ही पंजे उघडे ठेवून चालतो. पाऊस आला का बघतोय, असं लोकांना वाटतं. शेवग्याच्या शेंगा घेणार होतो. घेतल्या नाहीत. लांब असतात.
वर बारीक घरघर. दिवसभर. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही. किंवा येते आणि —

२८ सप्टेंबर
कुंपण नाही. दवंडी नाही. कचेरीत अर्ज दिला. साहेब म्हणाले, गावात माणूसच नाही, तर धोका कुणाला?
केवळाबाईंना सांगितलं. तीस तारखेला जाऊ नका. म्हणाल्या, ती तारीख माज्या लेकीची हाय. भूकंपाच्या आधी कुनी सांगाया आलं न्हवतं, तुमी आलात, लई झालं, मास्तर.
त्या जाणारच.

३० सप्टेंबर, सकाळी दहा
जुन्या गावात. त्यांना अडवायला आलो, त्या आधीच खणत होत्या. पहार मागितली. देत नाहीत. अजून हातभर खणू द्या म्हणतात.

साडेदहा
घरघर मोठी झाली. त्यांनाही ऐकू येते. ठिपका आमच्याभोवती गोल —
मनतशाचा फोन. पडद्यावर दोन माणसं दिसतायत. चौथा दाबायला गेले, सर, पर्यायच न्हाईत आज, नुसतं दाखवून राहिलंय —

पावणेअकरा
खाली येतंय. पहार टाकली त्यांनी. हात वर करा म्हणालो, केले. वरून असा माणूस कसा दिसतो — हजारो फोटो, हात वर केलेला एकही नव्हता — कुणी दाखवलाच नाही विमानाला —
केवळाबाई ओरडतात, मास्तर, वही टाका, तुमचे बी हात —