चिंचोक्यांचे डबे

विचुंबे,
२४ जुलै २०१४

प्रिय निनाद,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडलं असतं तर कागद खराब झाला असता, आणि तुझ्यासाठी दुसरा कागद घ्यायची माझी तयारी नाही.

माणसांचा आणि तळ्याचा संबंध कसा मोजायचा, हे पाच वर्षांपूर्वी तूच मला शिकवलंस. काठावर बसायचं आणि दर अर्ध्या तासाला कोण जाळं घेऊन पाण्यात उतरलं ते तक्त्यात भरायचं. आषाढातले तीन आठवडे आपण दोघं एका छत्रीखाली बसलो. तक्त्यात शून्य, शून्य, शून्य. मला ती शून्यंही गोड लागायची, एवढी मी खुळी होते.

आमच्यात पाऊस लागला की नारळी पौर्णिमेपर्यंत तळ्यातसुद्धा कोणी जाळं टाकत नाही. मरळ तेव्हा पिल्लं घेऊन फिरत असते. माझ्या आईने तुला सुकट वाढता वाढता हे सांगितलं होतं. "लेकुरवालीला आमी हात लावत नाय, बाला. पुनवेनंतर ये, मंग मोज." तू मान डोलावलीस, वहीत टिपून घेतलंस आणि आणखी एक भाकरी मागितलीस. पौर्णिमेला येतो, पुन्हा मोजू, आईशी आपल्याबद्दलही बोलतो, असं सांगून गेलास.

तू आला नाहीस, तुझा अहवाल आला. 'या तलावात एकही कुटुंब मासेमारी करत नाही.' तुला सगळं माहीत होतं, तरी तू हे लिहिलंस. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात माझं नाव होतं, स्थानिक मोजणीदार म्हणून. गावाला वाटलं, पोरीनेच तळं घालवलं. शेजारची सुनीताकाकू दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. त्या अहवालाच्या जोरावर निम्म्या तळ्यात भराव पडला. आई जिथे हातजाळं घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची, तिथे आता सात मजली इमारत आहे आणि आई तिचे जिने झाडते. तरी दर पौर्णिमेला म्हणते, "तो पोरगा येल, बग." तुझा सगळ्यात जास्त राग मला ह्याचा येतो.

त्या रागावरच मी शिकले. गेलं वर्षभर मी तुझीच मोजणी पुन्हा केली, फक्त बारा महिने. एकतीस घरांत एकेक पत्र्याचा डबा दिला. ज्या दिवशी तळ्यातला मासा घरात शिजला किंवा पनवेलच्या बाजारात गेला, त्या दिवशी डब्यात एक चिंचोका टाकायचा. महिन्याच्या शेवटी त्यांची पुरचुंडी बांधायची. सोनाबाईला सही येत नाही, पण तिचे चिंचोके तुझ्या तक्त्यापेक्षा चोख निघाले. मग बायकांनी देवळापुढे रांगोळीने जुनं तळं काढलं, भरावाखालचंसुद्धा, आणि जी ती आपापल्या जागेवर जाऊन उभी राहिली. आई उभी राहिली ती त्या इमारतीच्या जागी. आषाढाच्या पुरचुंड्या रिकाम्या आहेत. त्या का रिकाम्या आहेत, तेही आम्ही लिहून ठेवलंय.

उरलेलं तळंही बुजवायचं का, याची सुनावणी आठ ऑगस्टला आहे, पौर्णिमेच्या दोनच दिवस आधी. तुला बोलावणं आलं म्हणून तू खूश असशील. पण अहवाल लिहिणाऱ्याने स्वतः हजर राहावं, हा अर्ज माझा होता. सोबत झेरॉक्स जोडलीय. 'सध्या मासेबंदी. पौर्णिमेनंतर पुन्हा मोजणे.' अक्षर तुझं, तारीख तुझी. वही तू आमच्या घरी विसरला होतास, आणि ती मी जपून ठेवलीय. त्या दिवशी सकाळी हवं तर तळ्यावर जाऊन ये. काठावर कोणी नसेल, खुशाल शून्य लिही. एकतीस घरांतल्या बायका सुनावणीत असतील, मांडीवर डबे घेऊन, आणि पुढच्या रांगेत आई. येणारा साहेब तूच आहेस, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तुला तयारी करता यावी म्हणून हे पत्र पंधरा दिवस आधी टाकतेय, असं समजू नकोस. आम्ही दोघींनी पाच वर्षं वाट बघितली, तू पंधरा दिवस तरी बघ.

तुझीच,
मोनाली
(स्थानिक मोजणीदार)