तीन पानांवरची दीपमाळ

चि. गंधाली,

रविवारी तू अंधेरीहून येशील आणि आल्याआल्या सहलीची चित्रवही मागशील, याचीच मला धास्ती वाटते आहे.

कोकणातले आठ दिवस फार सुखाचे गेले. रोज सकाळी देवळाच्या पायरीवर बसून पेन्सिलीने काहीतरी काढायचो. सोबतीला शेजारचा लवू होताच. एकदा म्हणाला, "काय रे विद्या, परत तीच दीपमाळ? पुजारी पगार देतो की काय?" मी हसलो. वाटलं, थट्टा करतोय.

काल बोरिवलीला घरी वही उघडली. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही पानांवर तीच दीपमाळ आणि प्रत्येक चित्राखाली माझ्याच अक्षरात, 'आज प्रथमच पाहिली.'

पोरी, चौथीतल्या कविता मला अजून चालीसकट येतात गं. मग आदल्या दिवशीची दीपमाळ कुठे गेली?

तुला कळलं, तर मला इथे एकट्याला राहू देणार नाहीस. दोन पानं फाडायला घेतली, पण हात धजला नाही. हे पत्रही तुला देणार नाही.

तू विचारशील, "बाबा, तीनदा का काढलीत?" मी म्हणेन, आवडली म्हणून. हे उत्तर चिठ्ठीवर लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आहे.

तुझा,
बाबा