चारशे खोटी माणसं

सोम., ९ नोव्हें. ९८
राव सरांनी नवीन काम दिलं. नोकरभरतीच्या सिस्टिमची लोड टेस्ट. चारशे जण एकाच वेळी सर्व्हरवर आलेत असं दाखवायचं. माणसं खोटी, स्क्रिप्ट त्यांना पळवणार. पण प्रत्येकाला नाव, पत्ता, जन्मतारीख, शिक्षण वेगळं पाहिजे. एकाच नावाने चारशेदा गेलं तर सर्व्हर तीच नोंद हाताशी ठेवतो आणि झटपट देतो, भार कळतच नाही.
"सगळं मनाने बनव, मेघना. खरं काही वापरू नकोस." शुक्रवारपर्यंत.

मंगळ., १०
चाळीस नावांतच अडले. साताऱ्याचे सगळे नातेवाईक झाले, सोसायटीतले झाले, शाळेतल्या मुली झाल्या. सगळे पवार, शिंदे नाहीतर जोशी. सगळे बी.कॉम. निम्म्यांचा पत्ता कोपरखैरणे. सर म्हणाले, "ही माणसं नाहीत, एकाच माणसाचे फोटो आहेत. अशाने टेस्ट फुकट जाईल."

बुध., ११
स्टोअरच्या कपाटात जुने अर्ज सापडले. आपल्याच कंपनीकडे दोन वर्षांत आलेले, नाकारलेले. गठ्ठेच्या गठ्ठे. पनवेल, पेण, उरण, ठाणे. किती तऱ्हेची नावं.
दार लावून टाइप करायला बसले. एक अर्ज लक्षात राहिला. वंदना घरत, उरण. निळी शाई, रेघा मारून लिहिलेला, फोटोत केसांना रिबीन. तीही घेतली.
सरांना सांगितलं नाही. टाइप करताना वाईट वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

शुक्र., १३
टेस्ट झाली. अडीचशेपर्यंत ठीक, तीनशेला सर्व्हर धापा टाकायला लागला. सर खूश, कारण दोष आत्ताच सापडला. "डेटा अगदी खरा वाटतो गं." मी म्हटलं, "बसून बनवला." इतक्या सहज.
शेवटची पायरी प्रत्येकाच्या नावा-पत्त्यानिशी पत्र छापण्याची. साधा कागद संपला होता, मग कंपनीच्या नावाचाच लावला. "आपली निवड झाली आहे, सोमवार दि. २३ रोजी सकाळी दहा वाजता हजर राहावे." खाली मोठ्या साहेबांची छापील सही. साठ पत्रं निघाली आणि कागद अडकला. गठ्ठा प्रिंटरपाशी ठेवून घरी आले. फाडायला हवा होता. सोमवारी बघू म्हटलं.

सोम., १६
गठ्ठा जागेवर नाही. झाडूवाल्या बाईने टाकला असेल. बरंच झालं. विचारलं नाही कोणाला.

सोम., २३
गेटवर सतरा माणसं.
वॉचमनने वर फोन केला, "मॅडम, तुमच्या भरतीचे लोक आलेत." खाली गेले. प्रत्येकाच्या हातात ते पत्र. इस्त्रीचे शर्ट, फाइली. एकाचे वडीलही आले होते, बाजूला उभे.
वंदना घरतला लगेच ओळखलं. रिबीन नव्हती, पण तीच.
मी सगळ्यांना सांगितलं, कॉम्प्युटरची चूक झाली.
ती पुढे आली. "मॅडम, नाव माझं हाय. पत्ता माझा हाय. कॉम्प्युटरला कसं ठाऊक?"
"जुनी नोंद राहिली असेल."
"मी शनवारी काम सोडलं. कंटेनर यार्डात व्हते."
वॉचमनला म्हटलं, यांना पाणी द्या. आणि जिना चढून वर आले. मागे वळून बघितलं नाही.

मंगळ., २४
पत्रं डिस्पॅचच्या ठाकूर काकांनी टाकली. उलव्याकडचे. नऊ वर्षं त्या टेबलावर. प्रिंटरपाशी दिसली, पाकिटात भरली, टपालात दिली. सरांच्या केबिनमध्ये उभे होते, टोपी हातात.
"छापलेलं पत्र, त्याच्यावर साहेबांची सही. मंग टाकायचं नाय तर काय करायचं?"
मीही तिथेच होते.
काका गेल्यावर सर मला म्हणाले, "नावं कुठून आणलीस ते मी विचारत नाही. तूही बोलू नकोस. हे बाहेर गेलं तर आपल्या दोघांचं अवघड आहे. रिपोर्ट लिही. डिस्पॅच विभागाकडून नजरचुकीने."
लिहिला. सुवाच्य अक्षरात. एकही खाडाखोड नाही.
काकांना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय.

गुरु., २६
डबा तसाच परत आणला. आई म्हणाली, पोट बिघडलंय का. हो म्हटलं. आता हेही खोटं.

रवि., २९
ठाकूर काकांच्या घरी गेले. बसमधून उतरून बरंच चालावं लागलं, दोन्ही बाजूंना मिठागरं. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून गेले होते.
काकूंनी चहा दिला, वर बशीत बिस्किटं. काका समोर बसले, मान खाली.
"मॅडम, तुमचं काम माझ्यापायी बिघडलं. येवढं शिकलेलं काम तुमचं. राग धरू नका."
मी म्हटलं, "नाही हो काका."
चहा पूर्ण प्यायले. काकू दारापर्यंत आल्या. "पोरगी येवढी चालत आली, तुमी आधी पानी तरी दिलं का?" काकांना विचारत होत्या. मी काहीच सांगितलं नाही. जी माफी मागायला गेले होते ती त्यांनीच माझ्याकडे मागितली, आणि मी ती...

मंगळ., १ डिसें.
वंदना परत आली. नोकरीसाठी नाही. अर्जाला टायपिंगचं मूळ सर्टिफिकेट जोडलं होतं, तेवढं द्या म्हणाली. कपाटातून काढलं. टाचणीचा गंज लागला होता, रुमालाने पुसला.
गेटसमोरच्या टपरीवर तिच्याजवळ गेले आणि तोंडातून निघून गेलं. "तुमचं नाव मी घातलं. कॉम्प्युटरने नाही. खोटी माणसं बनवायची होती, मला जमेनात."
ती सर्टिफिकेटवरचा गंजाचा डाग नखाने खरवडू लागली.
"मंग माझं घेतलं."
"हो."
"विचारायचं व्हतं तरी."
रडली नाही, ओरडली नाही. तसं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाली, "हे लिहून द्या. यार्डातले साहेब म्हणतात, तू खोटं पत्र बनवून गेलीस. तुमच्या सहीचं दाखवलं तर परत घेतील, नाय घेतलं तरी मी खोटी नाय हे तरी कळेल त्यांना."
उद्या देते म्हटलं. ती म्हणाली, "उद्या मी येनार हाय. खरंच येनार."

बुध., २
सकाळी दोन प्रती केल्या. हाताने, टाइप न करता. "श्रीमती वंदना घरत यांना गेलेले पत्र माझ्या चुकीमुळे गेले. त्यांचे नाव मी परवानगीशिवाय वापरले. डिस्पॅचचे श्री. ठाकूर यांचा यात काहीही दोष नाही." खाली पूर्ण नाव, हुद्दा.
वंदनाने गेटवर उभं राहून दोनदा वाचलं. "हे ठाकूर कोन?"
सांगितलं.
"त्यांना घरी बसवलं? तुमच्यापायी?"
हो.
कागद घडी करून पिशवीत ठेवला. "मंग मला काय देता आधी? त्यांच्या साहेबांना द्या." आणि बस आली म्हणून पळाली.

दुपार, तीन. मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर खुर्चीवर बसलेय. दुसरी प्रत मांडीवर. आत राव सर आहेत, त्यांचा आवाज येतोय, हसतायत. शिपायाने चिठ्ठीवर माझं नाव लिहून घेतलं आणि काम काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, ठाकूर काकांबद्दल. त्याने वर बघितलं, पेन थांबवलं. मग तेवढंच लिहून चिठ्ठी आत नेली.
आतलं हसणं थांबलंय.